माळढोकाला कायदा होता, माळ नव्हता

माळढोक या उघड्या माळावर राहणाऱ्या मोठ्या पक्ष्याची नाहीतर लांडग्याची बातमी आली की खाली कॉमेंट ठरलेली असते: "कायदा कडक करा." मी सोलापूरचा. कडक कायद्याने काय होतं आणि काय होत नाही, हे आमच्या जिल्ह्याने चांगलं तीस वर्षं बघितलंय. पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा.

१९७९ साली सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दुपटीहून जास्त. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके एका अधिसूचनेत आले. गावं, बाजारपेठा, महामार्ग, लोकांची सातबाऱ्यावरची जमीन, सगळं आत. पक्षी मात्र सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या मोजक्या गवताळ तुकड्यांवर. नकाशावर एवढी मोठी रेघ कुणी आणि कशाच्या आधारावर मारली, हे मला आजही पटलेलं नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात अधिकारांची कमी नाही. माळढोक पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मारला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं तुरुंग, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. एखाद्या क्षेत्रात काय करायचं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकारही सरकारकडे. मग अडलं कुठे?

अडलं ते शेतकऱ्याच्या दारात. जमिनीचा व्यवहार असो, बिगरशेती परवाना असो, गावचा रस्ता असो, अभयारण्याचा शेरा आडवा यायचाच. पक्षी कधी डोळ्यांनी न बघितलेल्या गावांनाही तो नडला. शेतात माळढोक उतरला तर आनंदाने सांगावं, असं त्या माणसाला का वाटावं? सांगितलं तर आपल्याच जमिनीवर बंधनं वाढणार, ही भीती. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातल्या करेराला हेच झालं. १९८१ चं अभयारण्य, खाजगी जमिनींवर बेतलेलं. लोक वैतागले आणि नव्वदच्या दशकात तिथला माळढोक संपला. अभयारण्य कागदावर त्यानंतरही कितीतरी वर्षं जिवंत होतं.

आणि ज्याने पक्ष्याचं खरं नुकसान झालं, ते या अधिकारांनी थांबलंच नाही. कोरडवाहू ज्वारी, करडई, हरभऱ्याची मोकळी रानं माळढोकाला चालतात, किडे-टोळ मिळतात. पाणी आलं तसा ऊस आला, डाळिंब आलं, द्राक्ष आलं. सोनाका आणि शरद सीडलेस या द्राक्षाच्या जाती मूळच्या नान्नजच्याच. (त्याचा मला अभिमान आहे, हेही सांगून टाकतो.) पण मांडव, तारा आणि फवारणीच्या रानात हा पक्षी राहत नाही. शेतकऱ्याचा दोष नाही त्यात. ज्वारीने घर चालत नसेल तर त्याने काय करायचं? सरकारी कागदावर माळ म्हणजे 'पडीक'. त्यावर झाडं लावली की हिरवळ वाढली म्हणून फोटो. माळढोकाला झाडं नकोत, उघडं गवत हवं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही जमिनीवर.

२००० सालच्या आदेशामुळे अभयारण्याची हद्द कमी करायला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी लागते. ती घेऊन अखेर आपल्याकडचं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तेव्हा पर्यावरणवाले हळहळले. मला तो निर्णय बरोबरच वाटतो, फक्त तीस वर्षं उशिरा झाला. तोपर्यंत लोकांची माया आटली होती आणि पक्षीही. आता नान्नजला एखादी मादी दिसली तरी बातमी होते.

देशात आज दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत, बहुतेक राजस्थानात. तिथला शत्रू वेगळा: विजेच्या तारा. पंधरा किलोपर्यंत वजनाचा पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, ऐनवेळी वळताही येत नाही. बंदुकीने मारणाऱ्याला सात वर्षं, तारेने मेला तर आरोपी कोण? एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या मोठ्या पट्ट्यात तारा जमिनीखाली घालायला सांगितलं. खर्च झेपत नाही आणि सौरऊर्जेचं उद्दिष्ट अडतं, असं केंद्राचं म्हणणं. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलला आणि तज्ज्ञ समिती नेमली. सौरऊर्जा मलाही हवी आहे. पण सोलापूरच्या शेतकऱ्याला कायदा दाखवताना खर्चाचा विचार कुणी केला नव्हता, वीज कंपन्यांच्या वेळी तो लगेच झाला. हे मला खटकतं.

माझं मत एवढंच की सरकारकडे 'हे करू नको' म्हणायचे अधिकार भरपूर आहेत, 'हे कर, त्याचे पैसे घे' म्हणायची सोय जवळपास नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-सी नुसार गावाला स्वतःहून पुढे येऊन आपल्या जमिनीवर समुदाय राखीव क्षेत्र, म्हणजे गावाच्या मर्जीने राखलेलं क्षेत्र, करता येतं. तरतूद चांगली आहे, पण पुढे येणाऱ्याला हातात काय मिळतं? जो शेतकरी पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, रान मोकळं ठेवेल, तारेचं कुंपण घालणार नाही, त्याला एकरी ठरलेली रक्कम वेळेवर खात्यात मिळाली पाहिजे. हा हक्क कायद्यातच लिहा, योजनेत नको. योजना सरकारबरोबर बदलते.

"पक्षीच नाही तर पैसे कशाला?" असं कुणीतरी विचारेलच. जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात माळढोकाची पिल्लं वाढवली जातायत, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्मलं. उद्या ती सोडायची वेळ आली आणि महाराष्ट्राने "आमच्याकडेही द्या" म्हटलं, तर पहिला प्रश्न येईल गवत कुठे आहे. नान्नजच्या माळावर काळवीट आणि लांडगे अजून आहेत, म्हणजे माळ पुरता मेलेला नाही. तो राखायला पक्षी परत येईपर्यंत थांबायची गरज नाही. येत्या अर्थसंकल्पात तरतूद करता येईल इतकं हे काम साधं आहे. आपल्या आमदाराला टॅग करा, मी माझ्या आमदारांना करतोय.