पाखाडीवर गेट

शिमग्याला पालखी याच पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या अरुंद वाटेने, खाली उतरली, तेव्हा गेट नव्हतं. गणपतीला गौरीबरोबर विसर्जनाला निघालो तर वाटेत लोखंडी गेट, कुलूप, आणि आतून भुंकणारा कुत्रा. मग मूर्ती डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्याने अर्धा किलोमीटरचा वळसा. बाप्पाचं काही नाही, तो टेम्पोतूनही गेला असता, पण आमची ऐंशीच्या पुढची काकी दरवर्षी समुद्राच्या पुळणीपर्यंत चालत यायची ती यंदा वळणावरच बसली. तुम्ही जावा रे, म्हणाली.

आता गंमत बघा. मामलेदार कोर्ट ॲक्ट म्हणून 1906 चा कायदा आहे. शेतात जायची वहिवाट कोणी अडवली तर तहसीलदाराकडे अर्ज करून मोकळी करून घेता येते, आणि आमची पाखाडी समुद्राच्या आधी खालच्या मळ्यातच उतरते. पण अर्ज अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा. शिमगा ते गणपती अंतर किती? जवळपास तेवढंच! म्हणजे ज्या वाडीतली अर्धी माणसं वर्षातून दोनदाच वाटेवर पाय ठेवतात तिची वाट बंद करायला याहून चांगला मुहूर्त नाही. गेट बसवणाऱ्या मालकाने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, त्याला बहुतेक पावसाआधी काम उरकायचं होतं. आणि इथे बारमाही राहणारे आम्ही काय करत होतो? भिडेखातर गप्प. "बांधकाम चालू आहे, तात्पुरतं आहे" असं सांगितलं, आम्ही माना डोलावल्या. लावणी आली, सगळे चिखलात, गेटकडे बघायला कोणाला वेळ.

मालकाची बाजू अगदीच खोटी नाही हां. पैसे मोजून माडांचं आगर घेतलंय, सातबाऱ्यावर वाटेचा उल्लेख नाही, आणि मे महिन्यात पर्यटक बाईक घेऊन थेट पडवीपर्यंत, बाटल्या माडाच्या बुडाशी. मलाही नाही चालणार हे.

आणि वाट हलवायलाही माझा विरोध नाही. आमच्या अण्णांनी पण विहिरीसाठी हलवली होती. पण आधी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने नवीन वाट काढली, चिरे बसवले, एक पावसाळा जाऊ दिला, कुठे घसरतं, कुठे पाणी साचतं ते बघितलं, मासळीवाल्या मावशीला विचारलं की पाटी घेऊन चढवतंय का, तिने दोन पायऱ्या कमी उंच करायला लावल्या (आणि वर चहा पण घेतला), मगच जुनी बंद केली. माझा भाचा इंग्लंडात असतो, तो सांगत होता तिथे शेतातून गेलेली सार्वजनिक पायवाट हलवायची तर वाटेच्या दोन्ही टोकांना नोटीस लावतात, हरकतीला किमान 28 दिवस, आणि नवी वाट लोकांना फार गैरसोयीची नको ही 1980 च्या कायद्यातलीच अट. अण्णा सातवी पास, त्यांनी हेच सगळं बिननोटिशीचं केलं.

आपल्याकडे मे 2025 ला शासन निर्णय आला की शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्या. चांगलंच आहे, पण तो सगळा हिशोब ट्रॅक्टर जाईल अशा तीन-चार मीटर रुंदीचा. आमची पाखाडी म्हणजे समोरून कोणी आलं तर एकाने अंग चोरून उभं राहायचं, एवढी. ती तीन मीटर करायला निघाले तर गेटवाल्याच्या आधी मीच आडवा पडेन. पाखाडी पाखाडी म्हणूनच कागदावर यायला हवी, चार फूट तर चार फूट.

असो. गेट बसलं गुढीपाडव्यानंतर, म्हणजे सहा महिन्यांतले हातात तीन आठवडे आहेत. तहसीलला अर्ज मी लिहितोय, गाव नकाशाची नक्कल मागवलीय, त्यात पायवाटेची तुटक रेषा दिसली तर अर्धं काम झालं. तिथे नाही जमलं तर दिवाणी कोर्ट, 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा, म्हणजे 20 वर्षं उघडपणे आणि विनाअडथळा, हक्काने वापर होता हे दाखवायचं, आणि दावाही अडवल्यापासून दोन वर्षांच्या आत. तेव्हा मुंबईकरांनो, जुने विसर्जनाचे, पालखीचे फोटो नि कॅसेटी माळ्यावरून काढा, तारीख उमटलेले असतील तर उत्तमच. माझ्याकडे 1998 चा एक आहे, पण त्यात पाखाडी कमी आणि फोटो काढणाऱ्या बाबांचा अंगठाच जास्त आलाय.