तांब्याच्या भांड्यातलं लिंबूपाणी: फॉरवर्डमध्ये काय चुकलंय

ठाण्यात तलावपाळीवर चालायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर असा: तांबं अँटिऑक्सिडंट आहे, रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून लिंबू पिळा, सकाळी हळद घालून प्या, फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) संपतात. त्यासोबत दिलेले दावे एकेक करून पाहू.

‘शरीरातलं अँटिऑक्सिडंट एन्झाइमही तांब्यावरच चालतं.’ चालतं. सुपरऑक्साइड नावाचं रॅडिकल निकामी करणाऱ्या ‘सुपरऑक्साइड डिस्म्युटेज’ या एन्झाइमचं हे काम मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी १९६९ साली दाखवलं. पण तिथे तांब्याचा अणू चार हिस्टिडिनांनी (प्रथिनातल्या अमिनो आम्लांनी) जखडलेला असतो. सुटं तांबं पेशीत तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं, सगळ्यांत आडदांड. म्हणून तर पेशी तांब्याला मोकळं सोडत नाही.

‘लिंबाने गुण दुप्पट.’ इथेच खरी गडबड आहे. चिंचेने भांडं घासल्यावर काळपट थर जातो, कारण आम्ल तो विरघळवतं. रात्रभर लिंबू ठेवलं की थर तर जातोच, शिवाय हवेतल्या ऑक्सिजनमुळे खालचं तांबंही पाण्यात उतरत राहतं. त्यात लिंबातलं क जीवनसत्त्व पाण्यात उतरलेल्या क्युप्रिक तांब्याचं (Cu²⁺) क्युप्रस (Cu⁺) करतं, आणि पेरॉक्साइड फोडतं ते क्युप्रसच. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम तांबं चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५. आंबट पाण्यात ते याच्या बरंच वर जाऊ शकतं. मग मळमळ आणि उलट्या.

‘हळद-तांबं संयुगाने प्रयोगात जांभळं द्रावण पिवळं झालं.’ ही डीपीपीएच चाचणी: डीपीपीएच हे जांभळं, टिकाऊ रॅडिकल, ते निकामी झालं की रंग जातो. १०० मिली मिथेनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच (०.१ मिलिमोलर), त्यात नमुना, ३० मिनिटं अंधारात, मग ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण मोजायचं. पण हळदीतल्या कर्क्युमिनचा फिनॉल गट एकटाही हायड्रोजन देऊन रंग घालवतो. म्हणून नुसतं कर्क्युमिन, नुसता तांब्याचा क्षार आणि संयुग, तिन्ही एकाच तीव्रतेला शेजारीशेजारी लावावे लागतात. संयुग स्वतः रंगीत असेल तर डीपीपीएचशिवायचा ब्लँकही (तुलनेचा नमुना) हवा, नाहीतर आकडा चुकतो. डिस्म्युटेजसारखं काम तपासताना ईडीटीए (सुटं तांबं पकडून ठेवणारं रसायन) घालून बघा: काम थांबलं, तर संयुग तांबं धरून ठेवत नव्हतं. आणि डीपीपीएच शरीरात नसतंच, शिवाय कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. पेल्यात संयुग होणार कसं?

‘जंतू मरतात.’ हे बरोबर. साधं पाणी रात्रभर ठेवायला हरकत नाही. विल्सन आजार (शरीरात तांबं साठत जाण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर मात्र तेही नको. लिंबू, ताक, कोकम सरबत काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात.