आत्याच्या कुंड्या जिन्यात का गेल्या?

गेल्या आठवड्यात आत्याकडे मुक्कामाला गेलो, तर तिच्या खोलीतल्या सगळ्या कुंड्या जिन्यात मांडलेल्या. खिडक्या गच्च बंद, खालच्या फटीत जुनी चादर कोंबलेली. ‘‘हे काय गं?’’ म्हटलं, तर तिनं मोबाइल पुढे केला. फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून झोपायच्या खोलीत कुंडी नको, बाहेर झाड असेल तर खिडकी बंद ठेवा, हा वायू जड, खाली साचतो, म्हणून जमिनीवर झोपू नका, पिंपळ आणि तुळस मात्र चोवीस तास ऑक्सिजन देतात, तुळस तर ओझोनसुद्धा.

यात अर्धं खरं आहे, ते आधी देऊन टाकतो. झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात. यान इंगेनहाउस या डच डॉक्टरनं १७७९ सालीच प्रयोग करून दाखवलं, की झाडं उजेडात हवा शुद्ध करतात आणि अंधारात थोडी बिघडवतात. पण दिवसाच्या फायद्यापुढे हे नुकसान किरकोळ आहे, हेही त्यानंच सांगितलं. मेसेज लिहिणाऱ्यानं सोयीचं तेवढं उचललं.

आणि सोडणारं कोण? झाडही श्वास घेतं, आपणही घेतो. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत जेमतेम ०.०४. झोपलेला माणूस तासाला दहा-बारा लिटर सोडतो. कुंडीतला मनी प्लांट त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही सोडत नाही. या हिशेबानं आधी नवऱ्यालाच जिन्यात झोपवायला हवं.

खिडकीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझ्याकडे हवा मोजायचं छोटं यंत्र होतं, ते रात्री आत्याच्या उशाशी ठेवलं. झोपताना कार्बन डायऑक्साइड ६४० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६४० भाग. कुंड्या बाहेर, खिडक्या बंद, खोलीत आत्या आणि काका. सकाळी सहाला २,३१०. उठल्यावर आत्या म्हणाली, ‘‘डोकं जड झालंय.’’ दुसऱ्या रात्री कुंड्या आत आणल्या आणि खिडकी वीतभर उघडी ठेवली. सकाळी ७२०. थंडीत हाच मेसेज वाचून कोणी खिडक्या बंद करून शेगडी पेटवली, तर कार्बन मोनॉक्साइडनं जीव जाईल, आणि दोष झाडांवर जाईल.

‘जड वायू खाली साचतो’ हे विहिरीत खरं आहे. बंद पडलेल्या विहिरीत साफसफाईला उतरलेला माणूस गुदमरतो आणि त्याला काढायला लगोलग उतरलेला दुसराही जातो, अशा बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतोच. तिथं वारा फिरत नाही. घरात माणसं वावरतात, अंगाच्या उबेनं, पंख्यानं हवा हलत राहते. वायू मिसळून जातो. चटईवर झोपणाऱ्यांनी खुशाल झोपावं.

पिंपळाचं काय? ऑक्सिजन तयार होतो तो पाण्याचे रेणू फुटून, आणि त्यासाठी उजेड लागतो. रात्री ऑक्सिजन देणारं झाड नाही. पिंपळ नाही, वड नाही. कोरफड, निवडुंगासारखी काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, पण ऑक्सिजनसाठी तीही सूर्याचीच वाट बघतात. पिंपळाची पूजा करा, पार बांधा, त्याला रसायनशास्त्राचा आधार कशाला हवा? तुळस ओझोन देते हे तर कुठून काढलं देव जाणे. ओझोन श्वासातून आत गेला तर फुप्फुसांना त्रासच होतो. तुळस तसं काही करत असती तर वृंदावन अंगणात कोणी बांधलं असतं?

आत्यानं दोन्ही सकाळचे आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवलेत, ग्रुपवर टाकायला. मनी प्लांट खोलीत परत आलाय. स्नेक प्लांट अजून जिन्यातच आहे, पण तो तिला आधीपासूनच आवडत नव्हता.