गोल बसवण्याच्या वर्गाची पूर्वतयारी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

क्विल्टच्या, म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवून केलेल्या पांघरुणाच्या, चौकोनात कापडाचा गोल बसवण्याच्या वर्गासाठी मी जी पूर्वतयारीची यादी दिली होती, तिच्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. कापड धुणे, खळ देणे, पुठ्ठ्याचे साचे कापणे ही कामे घरून करून आणायला सांगणे म्हणजे शिकवणाऱ्याने आपले काम शिकणाऱ्यांच्या गळ्यात घालणे होय, हा पहिला. पाव इंचाची माया (शिवणरेषेपलीकडे कडेला सोडलेले कापड) नवशिक्यांना झेपणार नाही, ती अर्धा इंच हवी, हा दुसरा. तिसरा आक्षेप आपण सर्वांत जोरकसपणे मांडला आहे : आपल्याकडच्या बायकांनी ताटली ठेवून गोल आखले, कापले आणि गोधडीवर शिवून टाकले, त्यांना परकार लागला नाही की साचा, मग हे अवडंबर कशासाठी? मी तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचा वाद त्याच्यावरच उभा आहे.

गोधडीबद्दल आपण लिहिले ते खरेच आहे. मात्र गोधडीतला गोल हा वरून लावलेला असतो. खाली जुन्या लुगड्यांचे थर, वर कडा दुमडून ठेवलेला तुकडा आणि सगळ्यांमधून जाणारा धावदोरा, अशी ती रचना आहे, आणि तिच्यात गोल अर्धा इंच लहान झाला काय किंवा मोठा झाला काय, काहीही अडत नाही. या वर्गात जे शिकवायचे आहे, त्यात चौकोनाला गोलाकार भोक पाडून त्या भोकात दुसऱ्या कापडाचा गोल बसवायचा आहे. ही कटोरी ब्लाउजची शिलाई आहे. फरक इतकाच, की कटोरीची शिलाई एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते आणि तिथे थोडेफार कमीजास्त सावरून घेता येते, तर गोलाला टोकच नसते. ज्या टाक्यापासून निघालो त्याच टाक्यावर परत यायचे आहे, आणि तिथे उरलेल्या कापडाला पळवाट नसते; त्याची चुणीच होते.

आता ताटलीचे पाहू. समजा, तयार गोल ६ इंच व्यासाचा दिसायला हवा आहे. पाव इंच माया धरली तर गोलाचे कापड ६.५ इंच व्यासाचे कापावे लागते आणि चौकोनातले भोक ५.५ इंचांचे. एकाच ताटलीने दोन्ही आखले, तर गोलाची शिवणरेषा आत सरकते, भोकाची बाहेर सरकते, आणि दोन्ही रेषांच्या लांबीत तीन इंचांहून अधिक तफावत पडते. ती ओढून भरून काढता येत नाही. म्हणून ६.५, ६ (शिवणरेषेसाठी) आणि ५.५ इंचांचे तीन साचे लागतात, आणि ते नीट परकाराने आखलेले लागतात, कारण त्रिज्येत अर्ध्या सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चूक झाली, तर परिघावर ती तीन सुतांहून जास्त होऊन बसते. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा पुरतो. विकत काहीही आणायला मी सांगितलेले नाही. (परदेशी व्हिडिओंमध्ये इस्त्रीने कापडाला चिकटणारा फ्रीझर पेपर वापरलेला दिसतो. त्याच्या जागी बटर पेपर आणू नये. तो चिकटत नाही.)

मायेच्या बाबतीत आपला अनुभव कपड्यांच्या शिवणाचा आहे, आणि तिथे अर्धा इंच योग्यच आहे, कारण पुढे कपडा उसवून सैल करायचा असतो. इथे मात्र जास्त माया म्हणजे जास्त त्रास. पाव इंच मायेला गोलाची कापलेली कड आणि भोकाची कापलेली कड यांच्या लांबीत ३.१४ इंचांचा फरक असतो. अर्धा इंच मायेला तोच ६.२८ इंच होतो. गंमत अशी की हा फरक गोलाच्या आकारावर मुळीच अवलंबून नाही. ३ इंचांच्या गोलालाही तोच आणि १२ इंचांच्या गोलालाही तोच. फक्त मोठ्या गोलात तो लांब कडेवर विखुरला जातो, म्हणून मोठा गोल सोपा आणि लहान अवघड. उरलेल्या चिंध्यांमधून छोट्या गोलांनी सुरुवात करावी, ही आपली सूचना मला याच कारणासाठी मान्य करता आली नाही.

धुणे आणि खळ यांविषयी. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि दोन वेगळ्या ठिकाणची कापडे सारखी आटत नाहीत. चौकोन जास्त आटला तर मधला गोल फुगतो. गोल जास्त आटला तर त्याच्याभोवतीचा चौकोन ओढला जातो. एकदा शिवल्यावर यावर इलाज नाही. खळीचे काम वेगळे आहे. गोल कापला की त्याच्या कडेवर चार ठिकाणी कापडाचा धागा सरळ येतो आणि त्यांच्या मधल्या चार ठिकाणी तिरपा येतो. या तिरप्या जागा नुसत्या हाताळण्याने ताणल्या जातात. खळ देऊन इस्त्री केलेले कापड तिथे ताठ राहते. कापड साच्यावरून कापून आणा, पण चौकोनाचे भोक मात्र घरी पाडू नका, हे आपल्याला परस्परविरोधी वाटले. त्यामागेही हेच आहे. गोल सपाट ठेवून आणता येतो, पण भोक पाडलेला चौकोन पिशवीत दुमडून आणला की वर्गात पोहोचेपर्यंत त्या चार तिरप्या जागा लांबलेल्या असतात, आणि मग दोष शिलाईला दिला जातो. चौकोनही १० इंचांचा अख्खाच आणावा. शिवून झाल्यावर तो ९.५ इंचांना बरोबर करून घेऊ.

राहिला काम गळ्यात घालण्याचा मुद्दा. वर्गाची वेळ मर्यादित आहे, आणि जे हाताला हात लावून दाखवावे लागते त्यासाठी मला ती हवी आहे : भोकाच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर दीड सुताचे काप देणे, पण शिवणरेषेच्या अलीकडे थांबणे, दोन्ही कापडांच्या चौथाईच्या घड्या एकमेकींवर आणून आधी चार, मग आठ टाचण्या लावणे, चौकोन वर ठेवून शिवणे, म्हणजे काप डोळ्यांसमोर राहतात, आणि दर इंचाला सुई कापडात ठेवून, मशीनचा कापड दाबणारा फूट उचलून, खालची सुरकुती बोटाने सारून मगच पुढे जाणे. शेवटची इस्त्री गोलाकडे न करता चौकोनाकडे करायची असते, कारण काप चौकोनाच्या मायेत आहेत आणि बाहेर वळवल्यावर ते उघडतात. आत वळवली तर गोलाच्या मायेचा झोल आत साचतो. हे लिहून समजत नाही. कापड भिजवणे मात्र लिहून समजते.

वरून लावलेला गोल कमी दर्जाचा आहे, असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. फिकट गोलाखालून गडद चौकोन दिसतो आणि हाताने क्विल्टिंग करताना तिथे थर जास्त लागतात, एवढेच. मागचे कापड कातरून काढले की तेही टळते. ज्यांना तेच करायचे आहे त्यांनी ते करावे. त्यासाठी या वर्गाची गरज नाही.

मशीन नसलेल्यांनी यावे का, असेही आपण विचारले आहे. अवश्य यावे. हाताने गोल उलट अधिक सहज बसतो, कारण प्रत्येक टाक्याला कापड सावरता येते. शिवणरेषा दोन्ही कापडांच्या उलट्या बाजूला पेन्सिलीने आखून आणावी, बारीक धावदोरा घालावा आणि दर पाच-सहा टाक्यांनी एक उलटी टीप घ्यावी. बारीक सुई आणि कापडाच्या रंगाचा साधा सुती दोरा पुरेल.