सूचक, अनुमोदक आणि डावी चप्पल

कालपासून मी आमच्या गावाच्या पुढच्या वर्षीच्या विकासाचा अनुमोदक आहे. तसं प्रोसिडिंगला, म्हणजे ग्रामसभेच्या कामकाजाच्या वहीत, लिहिलंय. खाली माझी सही आहे, सहीशेजारी चहाच्या कपाचा गोल डाग आहे, तोही माझ्याच कपाचा. मी गेलो होतो चप्पल मागायला.

चप्पल डावी. गेल्या मंगळवारी रात्री पिंपळाच्या पारापाशी गटाराच्या ढाप्यावर पाय ठेवला, तर तिथे ढापाच नव्हता. पाय वर आला, चप्पल आली नाही. घरी येऊन तासभर तोंड चालवलं तेव्हा बायको म्हणाली, "ग्रामसभेत बोला की. मला कशाला ऐकवताय?" बत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी लोकांना "उद्या या" सांगितलं. आता म्हटलं, काचेच्या पलीकडून कसं वाटतं ते बघू.

ग्रामसभा खरं तर 2 ऑक्टोबरची होती. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यांतलं जे कमी असेल ते लागतं. त्या दिवशी सतरंजीवर सव्वीस माणसं आणि एक कुत्रं. सोयाबीन काढणीला आलेलं, रोज बुडवून कोण येतंय? सभा तहकूब. आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे एकदा कुणी आलं नाही, की दुसऱ्यांदा कुणी आलं नाही तरी गावाचा विकास होऊ शकतो. 73व्या घटनादुरुस्तीने 1993 मध्ये ग्रामसभेला थेट राज्यघटनेत नेऊन बसवलं. आम्हाला अजून सतरंजीवर बसायचा कंटाळा.

तर तहकूब सभा. वक्त्यांत भाऊसाहेब. ग्रामसेवक हे नाव सरकारने 2024 मध्ये मोडीत काढून ग्रामपंचायत अधिकारी असं भारदस्त पद केलं, पण गाव भाऊसाहेबच म्हणतं आणि खुर्चीचा मोडका हातही तोच आहे. सरपंचबाई मधोमध बसलेल्या, पदर सावरून, गप्प. बोलत होते त्यांचे यजमान. आदल्या दिवशी महिलांची वेगळी सभा "उत्साहात पार पडली" असंही यजमानांनीच सांगितलं. आमच्या घरातल्या महिलेला ही बातमी माझ्याकडून कळली.

आणि तात्या. तात्यांकडे कुठलंही पद नाही. पण गेली कित्येक वर्षं गावात जो ठराव होतो, त्याला अनुमोदन तात्यांचं. पहिल्या रांगेत, खांबाला टेकून, डोळे मिटून बसतात. वाचणाऱ्याचा आवाज ठरावाच्या शेवटी जरा खाली येतो ना, तिथे बरोबर "अनुमोदन!" असा बार निघतो. एकदा म्हणे लाउडस्पीकरवाल्याने "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हटलं, त्यालाही तात्यांनी अनुमोदन दिलं होतं. ते प्रोसिडिंगला आहे की नाही, मी पाहिलेलं नाही.

भाऊसाहेबांनी आधी सरत्या वर्षाच्या प्रगतीचा आढावा वाचला. "मारुती मंदिर ते पिंपळपार बंदिस्त गटार. पूर्ण."

मी उठलो. "भाऊसाहेब, पूर्ण कसं? पारापाशी ढापा नाही."

"गटार पूर्ण आहे, साहेब. ढापे एस्टिमेटमध्ये नव्हते. जे आहेत ते आपण गावासाठी म्हणून जादाचे टाकलेत."

"मग बंदिस्त कशाला म्हणता?"

तात्यांनी एक डोळा उघडला. "बंदिस्तच की ओ! आत गेलेलं भाईर येत न्हाई. तुमची चप्पल आली का?"

सभा हसली. कुत्रंही उठून बसलं. मला राग आला तो या गोष्टीचा की मला उत्तर सुचलं नाही, आणि घरी जाऊन रात्री दीड वाजता सुचलं.

मग पुढच्या वर्षाचा आराखडा. इथून पुढचं मी सावकाश सांगतो, कारण माझी चप्पल इथे संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत गेली. शाश्वत विकासाची राष्ट्रसंघाची 17 ध्येयं आहेत, ती आपल्या पंचायतींसाठी 9 संकल्पनांत बसवली आहेत: गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव, असं करत करत सुशासन आणि महिलांपर्यंत. गावात काहीही करायचं तर ते या नवांपैकी एका खान्यात बसलं पाहिजे, नाहीतर ऑनलाइन चढत नाही.

"तुमचा ढापा कशात टाकू?" भाऊसाहेबांनी अगदी मनापासून विचारलं. माणूस वाईट नाही. त्याच्याकडे तीन गावं आहेत आणि नेट एकातच चालतं.

"स्वच्छ गावात टाका."

"तिथं कचराकुंड्या टाकल्यात."

तात्या आता दोन्ही डोळे उघडून बसले. "जलसमृद्ध गावात घ्या की. पावसाळ्यात पारापाशी गुडघाभर समृद्धी असती."

"तात्या, थट्टा नको."

"थट्टा न्हाई भाऊसाहेब. गटारावर शेवाळ किती आलंय बघा, हरित गावात बी बसंल. परवा पाटलांचं पोरगं त्यात होड्या सोडत हुतं, बालस्नेही झालं. आन् हे साहेब पडले तवा पाच-सात बाया धावल्या, हात दिला, वर काढलं. सामाजिक सुरक्षा! एका गटारात तुमचे नवाच्या नऊ बसत्यात. दुसरं काम काडूच नका वर्षभर."

सगळी सभा आडवी झाली. सरपंचबाईंनी पदर तोंडाला लावला. सबंध सभेत त्यांचा आवाज ऐकू आला तो हाच. मी पडलो नव्हतो, फक्त पाय गेला होता, आणि बायका दोनच होत्या. पण हे ओरडून सांगणार कसं?

खरं सांगू? वित्त आयोगाच्या पैशांतला बराच निधी बंधित. म्हणजे पाणी आणि स्वच्छता, बाकी कशाला हात लावायचा नाही. गटार त्याच्यात सरळ बसतं, एवढा अभ्यास मी मंगळवारनंतर केला होता. मी ते बोललो. त्यावर यजमान म्हणाले, "साहेबांचा अभ्यास दांडगा आहे," आणि पुढचा विषय घेतला: वेशीवर स्वागत कमान. कमान! आमच्या गावात यायला एकच रस्ता आहे, तो आमच्याच गावात संपतो. स्वागत कुणाचं करायचं? माझी घरपट्टी-पाणीपट्टी दर वर्षी मार्चच्या आत भरलेली असते, पावत्या फायलीत आहेत. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात म्हणे सगळे कर भरणाऱ्याला दळण फुकट दळून मिळायचं. मला दळण नको. मला अडीच फुटांची एक फरशी हवी आहे आणि अंधारात तिच्यावर निर्धास्त पाय ठेवायचा आहे. आणि ज्यांची पट्टी चार-चार वर्षं थकलीय, ते पुढच्या रांगेत बसून कमानीवर घोडे हवेत की हत्ती यावर वाद घालत होते. हत्ती ठरले.

मी पुन्हा उठलो. "आधी माझ्या ढाप्याचं बोला."

"साहेब, ही तहकूब सभा. हिच्यात नवा विषय घेता येत नाही. पुढच्या सभेत ऐनवेळच्या विषयांत घेऊ."

"नवा विषय? अहो, आत्ता तुम्हीच आढाव्यात—"

"सदर आराखड्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे," भाऊसाहेबांचा आवाज शेवटी जरा खाली आला.

मी तात्यांच्या बाराची वाट पाहिली. बार निघाला नाही. तात्या हसले आणि म्हणाले, "आवंदा म्या सूचक हाय. अनुमोदन दुसऱ्याचं पायजे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सबंध सभेत उभा असलेला माणूस मी एकटा. उभा आहे तो अनुमोदन देतोय असं धरायची आमच्याकडे रीत आहे, हे मला काल कळलं. तेवढ्यात चहा आला, मागोमाग प्रोसिडिंग बुक आलं, एका हातात कप होता, दुसऱ्याने सही केली. बँकेत मी लोकांना सांगायचो, वाचल्याशिवाय सही करू नका.

आज सकाळी सात वाजता दारात हाक. भाऊसाहेब, यजमान आणि तात्या. हातात मोबाईल. पूर्ण झालेल्या कामांचे जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद असलेले, फोटो चढवायचे राहिलेत, आणि फोटोत एखादा लाभार्थी असलेला बरा.

"मी?"

"अनुमोदक तुम्हीच की," तात्या म्हणाले.

पारापाशी गेलो. उन्हं तिरपी होती, गटार लांबवर स्वच्छ दिसत होतं, मधे तेवढं एक काळं भोक. भाऊसाहेबांनी मोबाईल धरला, खाली केला, परत धरला.

"साहेब, जरा डावीकडं सरका. अजून थोडं. हां, असं, पाय फाकवून... म्हणजे ते मागचं झाकलं जाईल."

मी सरकलो. उजवा पाय एका ढाप्यावर, डावा पलीकडच्या. खाली वाकून पाहिलं. चप्पल दिसत होती.

"वर बघा, साहेब," तात्या म्हणाले, "गाव पुढं चाललंय."