'फुकटचा वकील' आणि हॉस्पिटलवरचा दावा

"डॉक्टरांवर केस करायची तर ग्राहक आयोगात स्वतःच तक्रार द्या, तिथे वकील लागत नाही. सरकारचा फुकटचा वकील कामाचा नसतो आणि असल्या फुकट मदतीमुळेच खोट्या केसेस वाढल्यात." हा मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक.

आयोगात वकील सक्तीचा नाही, हे मान्य. पण हॉस्पिटल वकिलाशिवाय येत नाही. शिवाय रुग्ण दगावला एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तेवढीच पात्रता असलेल्या सर्वसाधारण डॉक्टरनं जी काळजी घेतली असती ती घेतली गेली नाही, हे दाखवावं लागतं. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं. आपल्या प्रकरणात ते लागेल का, हे घरच्यांना कोण सांगणार? पत्नीवरच्या उपचारांतल्या निष्काळजीपणाबद्दल सुमारे सहा कोटींची भरपाई मिळवणाऱ्या कुणाल साहांचा दाखला लोक देतात. ते स्वतः डॉक्टर आहेत, आणि तरीही १९९८ साली पत्नी गेल्यानंतर अंतिम निकाल यायला २०१३ उजाडलं.

आणि ग्राहक आयोगाचं दार सगळ्यांना उघडं नाहीच. जिथे सर्वांवरच मोफत उपचार होतात, ते सरकारी रुग्णालय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या शांता निकालानुसार ग्राहक कायद्याबाहेर राहतं. म्हणजे सगळ्यात गरीब रुग्णानं दिवाणी कोर्टात जायचं, कोर्ट फी भरायची. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात १९६३ साली नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका बाळंतिणीच्या पोटात कापडाचा बोळा राहिला आणि ती गेली. खालच्या कोर्टानं भरपाई दिली, उच्च न्यायालयानं ती फिरवली आणि अच्युतराव खोडवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला जबाबदार धरलं ते १९९६ साली. इतकी वर्षं पदरच्या पैशानं कोणतं गरीब घर लढेल? हा 'फुकटचा वकील' देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीत वकिलाबरोबर कोर्ट फीसुद्धा येते.

खोट्या केसेसचा आरोप तर कायदा न वाचताच केलाय. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १३ सांगतं की सकृद्दर्शनी, म्हणजे पहिल्या नजरेत तरी, केस आहे, अशी प्राधिकरणाची खात्री झाली तरच मदत मिळते. 'यात दम नाही' असं तिथेच स्पष्ट सांगितलं गेलं, तर त्या कुटुंबाची आणि डॉक्टरचीही वर्षं वाचतात.

राहिला कामाचा प्रश्न. प्राधिकरणाच्या यादीतले काही वकील टाळाटाळ करतात, काही वर पैसे मागतात, हे खरं आहे आणि संतापजनक आहे. त्यांना पैसे मागायचा अधिकार नाही. प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा, वकील बदलून मागा.

या वकिलाचा खरा उपयोग पहिल्या काही आठवड्यांत होतो. रुग्णानं किंवा नातेवाइकांनी मागितल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रं द्यावीत, असा डॉक्टरांसाठीचा २००२चा नियम आहे. वकिलानं वेळीच लेखी मागणी केली तर केसपेपर, भूलतज्ज्ञाच्या नोंदी, नर्सिंग चार्ट हाती येतात. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. दुःखात ती कधी सरली, हे कळतही नाही.

स्त्रिया, मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती यांना ही मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही. इतरांना आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.