खुलासा: तो अँडर्स वेगळा, हा अँडर्स वेगळा

सामान्य ज्ञानाच्या नावाखाली एक मेसेज फिरतोय: 'तापमानाचं सेल्सिअस आणि तरंगलांबीचं अँगस्ट्रॉम ही दोन्ही एककं एकाच स्वीडिश शास्त्रज्ञाची, त्याचं नाव अँडर्स.' हे साफ चूक आहे. अँडर्स हे स्वीडनमध्ये आपल्याकडच्या गणेशइतकंच सर्रास नाव.

अँडर्स सेल्सिअस (1701–1744) खगोलशास्त्रज्ञ. पृथ्वीचा आकार ठरवायला 1736 साली युरोपच्या उत्तर टोकाच्या लॅपलँडला गेलेल्या फ्रेंच मोहिमेत तो होता. 1742 मध्ये त्यानं तापमानाची मोजपट्टी मांडली तीही उलटी: पाणी उकळताना 0 आणि गोठताना 100! आकडे फिरवले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर. श्रेय कोणाचं यावर अजून वाद आहेत.

अँडर्स योनास अँगस्ट्रॉम जन्मला 1814 साली, म्हणजे सेल्सिअस जाऊन तब्बल 70 वर्षं झाल्यावर. त्याचा विषय वर्णपट, म्हणजे प्रकाश फुटून दिसणारा रंगांचा पट्टा. सूर्यात हायड्रोजन असल्याचं त्यानं 1862 मध्ये जाहीर केलं. 1868 च्या सौरवर्णपटाच्या तक्त्यात त्यानं मीटरचा एक हजार कोटीवा भाग एकक म्हणून वापरला, त्यालाच पुढे त्याचं नाव मिळालं. गंमत म्हणजे ज्या मीटरपट्टीवर त्याची मोजमापं बेतली होती तीच किंचित चुकीची निघाली आणि आकडे नंतर सुधारावे लागले.

घोळ का होतो तेही उघड आहे. दोघंही उप्साला विद्यापीठातले, दोघांचाही तिथल्या वेधशाळेशी संबंध. मेसेज पुढे ढकलण्याआधी निदान जन्मसाल तरी बघा की!